दोन सम्राट असलेलं रोमन सोन्याचं नाणं कसं वाचायचं: नवख्यांसाठी पायरी पायरीनं

रोमन सोन्याच्या नाण्यांकडे वळलेल्या माणसाची पहिली अडचण बहुतेक वेळा एकाच जातीच्या नाण्यांपाशी होते: ज्यांवर दोन राज्यकर्ते एकत्र दाखवलेले असतात. पुढच्या बाजूला एकाचा चेहरा, मागच्या बाजूला दोघे शेजारी बसलेले. ते दोघे कोण हे लिहिलेलं नसतं. टाकसाळ भलत्याच शहराची निघते आणि विक्रेत्यानं दिलेलं वर्णन दोन ओळींत संपतं. ही नाणी शिकताना मला जे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं, ते इथे क्रमानं मांडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. रोमन नाण्यावरची जोडी म्हणजे कुणीतरी केलेला दावा असतो: राज्य आमचं दोघांचं आहे. हा दावा कधी खरा असतो, कधी अर्धा, कधी केवळ इच्छा. म्हणून ‘चित्रात कोण आहे’ याच्या जोडीला ‘हे नाणं कुणी पाडलं’ हाही प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

१. हाताशी काय हवं

फार काही लागत नाही. पण जे लागतं ते नीट हवं.

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. विशिष्ट गुरुत्व काढायचं असेल तर ०.००१ ग्रॅमचा
- व्हर्नियर कॅलिपर
- बाजूनं उजेड टाकता येईल असा छोटा दिवा (समोरच्या उजेडात सोनं नुसतं चमकतं, अक्षरं बुडतात)
- मऊ कापड. नाणं नेहमी कडेला धरायचं आणि खाली कापड अंथरलेलं असायचं

इंटरनेटवर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ओसीआरई’ हा साठा फुकट आहे. अभ्यासक रोमन शाही नाण्यांसाठी जे ‘आरआयसी’ क्रमांक वापरतात ते तिथे चित्रांसकट मिळतात. ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाईन संग्रहही उघडून ठेवा. पैसे खर्च करण्याआधी या दोन ठिकाणी रोज थोडा वेळ नाणी बघत जा. डोळा तयार होण्याला पर्याय नाही.

लॅटिन यावी लागत नाही, रोमन लिपी ओळखली की पुरे. नाण्यावर ‘यू’ हे अक्षर नसतं, त्याच्या जागी ‘व्ही’ असतं. त्यामुळे ऑगस्टस या सम्राटाच्या पदवीचं संक्षिप्त रूप तुम्हाला ‘एव्हीजी’ असं दिसेल. हे रूप पुढे वारंवार येणार आहे.

२. आधी वजन, मग चेहरा

नवखे लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात. माझा आग्रह आहे की वजनापासून करा, कारण वजन काळ सांगतं आणि काळ कळला की जोड्यांची यादी लगेच आखूड होते.

ऑरियस हे जुनं सोन्याचं नाणं. सीझर आणि त्याच्यानंतरच्या यादवीच्या काळात ते साधारण ८ ग्रॅमचं होतं. नीरोनं इ. स. ६४ मध्ये ते एका रोमन पौंडात ४५ या हिशेबावर आणलं, म्हणजे सुमारे ७.३ ग्रॅम. कॅराकॅलानं ५० चा हिशेब धरला (सुमारे ६.५ ग्रॅम), डायोक्लेशियननं ६० चा (सुमारे ५.४). मग कॉन्स्टंटाईननं पौंडात ७२ नाणी या मापाचं सॉलिडस काढलं. ते साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतं, अर्ध्या तोळ्याहूनही कमी. हे माप पुढे पूर्वेकडच्या साम्राज्यात कित्येक शतकं टिकलं. म्हणजे काटा ४.४ ते ४.५ दाखवत असेल तर दुसऱ्या शतकातल्या मार्कस ऑरेलियसचा विचार सोडून द्या आणि चौथ्या शतकात किंवा त्यापुढे शोधा.

आपल्याकडच्या वाचकांसाठी इथेच एक सावधगिरी. घरातल्या जुन्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी हातात घेऊन ‘हे दोन राजांचं रोमन नाणं आहे का’ असं विचारणारे बरेच भेटतात. एका बाजूला दोन माणसं, मध्ये काठी, कडेनं रोमन अक्षरं, त्यामुळे समज होणं स्वाभाविक आहे. पण ते व्हेनिसचं डुकाट किंवा त्याची नक्कल असते. उभा आहे तो संत मार्क, गुडघे टेकून त्याच्याकडून निशाण घेतोय तो व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. ही नाणी १२८४ पासून पाडली गेली, वजन साडेतीन ग्रॅम आणि मागच्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. व्यापारातून ती पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दागिन्यांत बसली. पुतळी म्हणून ती मोलाचीच आहे, पण ती रोमन नाही.

३. पुढच्या बाजूचं नाव

चौथ्या शतकातल्या सॉलिडसवर लेख डावीकडे खालून सुरू होतो आणि डोक्यावरून फिरून उजवीकडे संपतो. सुरुवातीला ‘डीएन’, म्हणजे ‘आमचे स्वामी’. मग नाव. शेवटी ‘पीएफ एव्हीजी’, म्हणजे धर्मनिष्ठ, भाग्यवान ऑगस्टस. मधलं नाव वाचलं की काम झालं असं वाटतं, पण इथे दोन फसवणुका आहेत.

पहिली नावाची. व्हॅलेंटिनियन नावाचे सम्राट तीन झाले. पहिल्या व्हॅलेंटिनियनचा मुलगा व्हॅलेंटिनियन दुसरा. त्याच्या काही नाण्यांवर नावानंतर ‘आयव्हीएन’ म्हणजे ‘धाकटा’ असं येतं, सगळ्यांवर नाही. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नका. मागची बाजू आणि टाकसाळ जुळवल्याशिवाय पहिला की दुसरा हे ठरवायचं नाही.

दुसरी फसवणूक अधिक मोठी. ज्याचा चेहरा, त्यानंच नाणं पाडलं असं अजिबात नसतं. एकत्र राज्य करणाऱ्या सम्राटांच्या टाकसाळी आपल्या सहकाऱ्याच्या नावानंही नाणी काढत. व्हॅलेन्स पूर्वेचा सम्राट. तरी त्याच्या चेहऱ्याचे सॉलिडस जर्मनीतल्या ट्रियरच्या टाकसाळीत भरपूर पाडले गेले, कारण ट्रियरला त्याचा भाऊ, पहिला व्हॅलेंटिनियन, होता. नाणं हातात घेऊन ‘म्हणजे व्हॅलेन्स ट्रियरला होता’ असं म्हणू नका.

४. मागच्या बाजूचे दोघे

इथे थांबून नीट बघा. उदाहरणाला ट्रियरचं सॉलिडस घेऊ, कारण बाजारात आणि संग्रहालयांत हे पुष्कळ दिसतं.

रुंद सिंहासनावर दोन सम्राट आपल्याकडे तोंड करून बसलेत. दोघांच्या मधोमध एक गोल आहे आणि दोघांनीही तो आपापल्या हातानं धरलाय. तो गोल म्हणजे जग. दोघांच्या मागे विजयदेवता उभी, तिचे पसरलेले पंख दोघांच्या डोक्यांमागून बाहेर येतात. खाली, दोघांच्या पायांमध्ये, ताडाची एक फांदी. कडेनं लेख: ‘व्हिक्टोरिया एव्हीजीजी’, दोन ऑगस्टसांचा विजय. हे सगळं दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात. भिंगाखाली चांगला नमुना बघाल तर झग्याच्या चुण्या आणि पायातली पादत्राणंही दिसतात. मला रोमन टाकसाळीतलं हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं चित्र वाटतं, कारण राज्य वाटून घेतलेलं असूनही जग अखंड आहे, हे त्यात एका गोलावर सांगितलंय.

आता मागची हकीकत. २६ फेब्रुवारी ३६४ ला सैन्यानं आजच्या तुर्कस्तानातल्या निकिया इथे पहिल्या व्हॅलेंटिनियनला सम्राट केलं. २८ मार्चला त्यानं धाकट्या भावाला, व्हॅलेन्सला, कॉन्स्टँटिनोपलजवळ ऑगस्टस केलं. त्याच वर्षी दोघांनी सैन्य आणि प्रांत वाटून घेतले. थोरला पश्चिमेला गेला, धाकटा पूर्वेला. दोघे शेजारी बसलेत हे चित्र अशा काळात पाडलं जात होतं, जेव्हा त्यांच्यात शेकडो मैलांचं अंतर होतं.

मग प्रश्न: चित्रातले दोघे म्हणजे हेच भाऊ का? ३६४ ते ३६७ पर्यंत दोनच ऑगस्टस होते, तेव्हा उत्तर सोपं. पण २४ ऑगस्ट ३६७ ला व्हॅलेंटिनियननं आपला आठ वर्षांचा मुलगा ग्रेशियन यालाही आजच्या फ्रान्समधल्या आमियां इथे ऑगस्टस केलं. तीन सम्राट झाले, तरी सिंहासनावरचे दोघे दोघेच राहिले आणि लेखात ‘जी’ही दोनच. हेच चित्र तिघांच्याही चेहऱ्यांमागे पाडलं गेलं. त्यामुळे अशा नाण्याच्या वर्णनात ‘डावीकडे अमुक, उजवीकडे तमुक’ असं छातीठोकपणे लिहिलेलं दिसलं तर ते विक्रेत्याचं मत समजा. वहीत ‘दोन सम्राट’ एवढंच लिहा.

चित्रात दोन गोष्टी मात्र तपासायच्या. एक, दोघे सारख्या आकाराचे आहेत का? ३७५ मध्ये चार वर्षांच्या व्हॅलेंटिनियन दुसऱ्याला सम्राट केल्यानंतरच्या काळात एक आकृती मुद्दाम लहान काढलेली सापडते. ती सहसा त्या मुलाची मानतात. दोन, हातात काय आहे? गोल असेल तर सत्तेचं चित्र. गोलाऐवजी दोघांच्या हातात राजदंड आणि गुंडाळलेला रुमाल असेल तर ते कॉन्सुलच्या, म्हणजे रोममधल्या वर्षभराच्या सर्वोच्च मानाच्या पदाच्या, वेशात आहेत. तो रुमाल खाली टाकून कॉन्सुल शर्यती सुरू करून देत असे. असं नाणं बहुधा कॉन्सुलपदाच्या निमित्तानं काढलेलं असतं.

५. ‘जी’ मोजा, पण त्यावर शपथ घेऊ नका

नियम सोपा आहे. ‘एव्हीजी’ म्हणजे एक ऑगस्टस, ‘एव्हीजीजी’ म्हणजे दोन, ‘एव्हीजीजीजी’ म्हणजे तीन. नियम लक्षात ठेवा, आणि तो कुठे मोडतो तेही.

वर पाहिलं तसं तीन सम्राट असताना दोन ‘जी’ चालू राहू शकतात. उलटही होतं. ब्रिटनमध्ये बंड करून २८६ ते २९३ राज्य करणाऱ्या कॅरॉशियसनं आपल्या नाण्यांवर तीन ‘जी’ घातले: रोमचे तेव्हाचे दोन सम्राट डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन, आणि तिसरा तो स्वतः. ‘कॅरॉशियस आणि त्याचे भाऊ’ असा लेख आणि तिघांचे एकापुढे एक चेहरे असलेली हलक्या प्रतीच्या धातूची नाणीही त्यानं काढली. त्या दोन ‘भावांनी’ त्याला कधीच मानलं नव्हतं.

तसंच मॅग्नस मॅक्सिमसचं. ३८३ मध्ये ग्रेशियन मारला गेला आणि पश्चिमेची सत्ता यानं घेतली. त्याच्या सॉलिडसवर तेच सिंहासन, तेच दोघे, तोच गोल. म्हणजे पूर्वेच्या थिओडोशियसनं मला सोबती मानलं आहे, असं तो सांगतोय. ३८८ मध्ये त्याच थिओडोशियसनं त्याचा पराभव केला आणि त्याला मारण्यात आलं.

आणि ‘एव्हीजी’ म्हणजे नेहमी ऑगस्टसच असंही नाही. इ. स. पूर्व ४१ च्या ऑरियसवर एका बाजूला मार्क अँटनी, दुसऱ्या बाजूला तरुण ऑक्टेव्हियन आहे. अँटनीच्या लेखात ‘एव्हीजी’ येतं, पण तेव्हा ऑगस्टस ही पदवी जन्मालाही आली नव्हती. तिथे ते ‘ऑगर’ आहे, शकुन पाहणारा पुरोहित.

६. तळाची अक्षरं

चित्राखाली एक आडवी रेघ असते, तिच्याखालची अक्षरं टाकसाळीची. ‘टीआर’ ट्रियर, ‘एएनटी’ अँटिओक, ‘टीईएस’ थेसालोनिका, ‘एक्यू’ अक्विलेया. मिलानची ‘एमडी’ ही अक्षरं बहुधा खाली नसून चित्राच्या दोन बाजूंना असतात. ‘एव्हीजीओबी’ दिसलं तर दोनदा बघा: ते लंडन आहे, तेव्हा त्या शहराला ऑगस्टा म्हणत. मॅग्नस मॅक्सिमसनं तिथे थोडी नाणी पाडली. ती फार दुर्मीळ आहेत आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात.

टाकसाळीला चिकटून येणारं ‘ओबी’ म्हणजे शुद्ध केलेलं सोनं. ३६७-३६८ च्या सुमाराला करात आलेली नाणी वितळवून, सोनं शुद्ध करून मगच पुन्हा पाडण्याची सक्ती झाली, तेव्हापासून ही खूण रुळली. ग्रीक अंकांत हीच दोन अक्षरं ७२ होतात, पौंडातल्या नाण्यांची संख्या. हा योग अभ्यासकांना नेहमीच आवडत आलाय. नवख्यासाठी उपयोग असा की ‘ओबी’ आहे म्हणजे नाणं या सुधारणेआधीचं नाही.

‘सीओएनओबी’ वाचून लगेच कॉन्स्टँटिनोपल लिहू नका. पाचव्या शतकापासून ही अक्षरं इतर टाकसाळींनी आणि साम्राज्याबाहेरच्या नकलाकारांनीही सर्रास वापरली.

७. कोणत्या जोड्या भेटतील

मार्कस ऑरेलियस आणि ल्युशियस व्हेरस, इ. स. १६१. समान पदवीचे दोन ऑगस्टस रोमनं पहिल्यांदा पाहिले ते हे. त्यांच्या ऑरियसवर दोघे उभे राहून हात मिळवतात, लेखात ‘ऑगस्टसांच्या ऐक्याला’ असा उल्लेख. बरोबरी दाखवली असली तरी मुख्य पुरोहिताचं पद मार्कसनं स्वतःकडे ठेवलं होतं. लेखात ते पद आहे का, हे पाहायला विसरू नका.

पूर्वेचे सम्राट जस्टिन पहिला आणि जस्टिनियन. एप्रिल ते ऑगस्ट ५२७, एवढंच एकत्र राज्य. दोघे शेजारी बसलेलं सॉलिडस त्यामुळे दुर्मीळ, महाग, आणि नवख्यानं विकत घ्यायचं नाणं नव्हे.

सुरुवात करायला सर्वांत चांगली जोडी पूर्वेचा सम्राट हेराक्लियस आणि त्याचा मुलगा हेराक्लियस कॉन्स्टंटाईन. ही नाणी संख्येनं पुष्कळ. चेहरे समोरून: आपल्या डावीकडे मोठा, दाढीवाला बाप, उजवीकडे छोटा मुलगा, वर मध्ये क्रूस, नाण्याच्या मागच्या बाजूला पायऱ्यांवरचा क्रूस. मुलगा वर्षाचाही नव्हता तेव्हा, जानेवारी ६१३ मध्ये, त्याला मुकुट घातला गेला. पुढच्या नाण्यांत तो वाढत जातो: आधी बोटभर डोकं, मग खांद्यापर्यंत, मग बापाच्या जवळपास. ६२९ च्या सुमाराला बापाची दाढी एकदम लांब होते. ६३२ पासून तीन आकृती उभ्या दिसू लागतात, कारण दुसरा मुलगाही आला. मुलाचा आकार आणि बापाची दाढी एवढ्यावरून तुम्ही नाणं काही वर्षांच्या आत बसवू शकता. शिकण्यासाठी याहून चांगली मालिका मला माहीत नाही.

या काळातली काही अधिकृत सॉलिडस कमी वजनाचीही आहेत, त्यांच्या तळाशी नेहमीच्या अक्षरांऐवजी वेगळी खूण असते. हलकं भरलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका; आधी तळ वाचा.

८. खरं की बनावट

सोनं खरं आहे यावरून नाणं जुनं ठरत नाही. चांगल्या बनावटी उत्तम सोन्यातच केल्या जातात. तरी धातूपासून सुरुवात करू.

सराफाकडे नेलंत तर आधीच बजावा: कसोटीवर घासायचं नाही, कानस लावायची नाही, पॉलिश करायचं नाही. कॅरेटोमीटरवर ठेवून तपासायला हरकत नाही, त्यानं ओरखडा येत नाही. घरी विशिष्ट गुरुत्व काढता येतं: हवेतलं वजन भागिले पाण्यात लटकवल्यावर घटलेलं वजन. सॉलिडस पाण्यात जेमतेम ०.२४ ग्रॅम हलकं होतं, म्हणून इथे ०.००१ चा काटा लागतो. उत्तर १८ च्या वर यायला हवं. १५-१६ आलं तर भेसळ जास्त आहे, किंवा आत तांब्याचा गाभा. असे गाभ्यावर सोनं चढवलेले खोटे नग रोमन काळातही होते.

मग भिंग घ्या. ठशानं पाडलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि धातू बाहेरच्या बाजूला ओढल्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतीव नकलेत अक्षरं मऊ, पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे, कडेला जोडाची रेघ किंवा ती घासून टाकल्याच्या खुणा. फोटोंच्या साठ्यात तंतोतंत तुमच्यासारखाच नग, त्याच जागी तोच ओरखडा असलेला, दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

कडेवर डाख लावल्याच्या (जोडकामाच्या) खुणा असतील तर नाणं कधीतरी दागिन्यात होतं. दक्षिण भारतात सापडलेल्या बऱ्याच सॉलिडसना सम्राटाच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोकं आहेत, दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्यासाठी. पुदुक्कोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ ऑरियसांपैकी बहुतेकांवर चेहऱ्यावरून छिन्नीचा घाव आहे. परदेशी बाजारात अशी भोकं आणि घाव किंमत पाडतात. आपल्यासाठी ती त्या नाण्याची भारतातली हकीकत आहे. भोक बुजवून ‘दुरुस्त’ करून देणाऱ्याला हात लावू देऊ नका.

९. कागदपत्रं

खरेदी करणार असाल तर हे सगळं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका:

- विक्रेत्याची सही असलेली पावती. तीत सम्राट, टाकसाळ, आरआयसी क्रमांक, वजन, व्यास
- दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो
- आधीच्या मालकीचा पुरावा: जुना लिलाव, जुनी पावती
- खोटं निघाल्यास पैसे परत, हे लेखी
- परदेशातून येत असेल तर त्या देशाचा निर्यात परवाना आणि इथल्या कस्टमचे कागद
- भारतातला विक्रेता असेल तर त्याचा पुरावस्तू विक्रीचा परवाना

भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. तिचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला भेट म्हणून बॅगेत घालून देणं हा गुन्हाच आहे, कितीही प्रेमानं दिलं तरी. शेतात, पायाच्या खोदाईत नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसं कळवताना जागा, खोली आणि मडकं असेल तर तेही जसंच्या तसं ठेवा; जागेवरून हललेल्या नाण्यातली निम्मी माहिती निघून जाते. इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहून डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना १९९६ चा ट्रेझर कायदा लागू होतो: तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त सोन्याची नाणी एकत्र सापडली तर १४ दिवसांत कोरोनरला (अशा सापडलेल्या निधीची चौकशी करणारा तिथला अधिकारी) कळवणं बंधनकारक आहे.

विकत घ्यायची घाई नसेल तर चेन्नईला एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातला रोमन नाण्यांचा संग्रह बघून या. जाताना भिंग न्या आणि वहीत चार रकाने आखून घ्या: वजन, नाव, ‘जी’ किती, तळाची अक्षरं. वजनाचा रकाना तिथे पाटीवर लिहिलेलं असेल तरच भरेल, बाकीचे तीन तुमचे तुम्हाला भरता येतील.